चार वाजेपर्यंत आडवं व्हायचं नाही

समोरच्या घड्याळात पावणेतीन वाजले होते आणि मला चार वाजेपर्यंत आडवं व्हायची मनाई होती. तरी मी आडवी होत होते. खुर्चीची पाठ घरघर करत खाली चालली होती, पाय वर येत होते, आणि मी दोन्ही हातांनी कडा धरून मान तेवढी उचलून ठेवली होती. दातांच्या डॉक्टरला वाटलं, मी घाबरलेय. ती म्हणाली, मावशी, मान सैल सोडा, मी अजून काहीच केलेलं नाही.

ही डॉक्टर म्हणजे माझ्या लेकीच्या होणाऱ्या नवऱ्याची थोरली बहीण. व्याह्यांचं घर बेगडेवाडी स्टेशनाजवळ, पण हिचा दवाखाना कामशेतला, त्यामुळे आमच्या बाजूचे बरेच लोक तिच्याकडे जायचे. लग्नाला तीन आठवडे राहिले होते. लेक शेजारच्या स्टुलावर माझी पर्स मांडीवर घेऊन बसली होती, आणि मला आडवं व्हायची मनाई का आहे हे सांगणारा कागद त्याच पर्समध्ये चौघडी करून ठेवलेला होता. तिनं सहज पर्स उघडली असती तरी माझं बिंग फुटलं असतं.

त्या दिवशी दुपारी बारा वाजता लोणावळ्याच्या बाजारातल्या एका स्किन क्लिनिकमध्ये मी कपाळात सुया टोचून घेतल्या होत्या. सुरकुत्या घालवायच्या. घरी सांगितलं होतं, ब्लाउज टाकायला जाते.

मला हसू नका. साखरपुड्याच्या फोटोत सगळं गणगोत दात काढून हसतंय आणि मधोमध मी अशी बसलेय, जणू कोणीतरी माझी पाकाची कढई लाथेनं उलथवलीय. दोन भुवयांच्या मध्ये उभ्या दोन रेघा, कपाळावर आडव्या चार. फोटो पाहून विहीणबाईंचा फोन आला. हळू आवाजात त्यांनी विचारलं, त्या दिवशी आमच्याकडून काही राहिलं का, तुम्ही नाराज दिसता. मला राग येतो हे काही खोटं नाही. आमच्या कार्ल्यात कोणालाही विचारा. पण त्या दिवशी मी खरोखर खूश होते, आणि चेहऱ्यानं मला तोंडघशी पाडलं. ते माझ्या फार मनाला लागलं.

या रेघा धंद्यानं दिल्या. घरामागच्या शेडमध्ये सव्वीस वर्षं मी चिक्की करते. गुळाचा पाक कढईत फसफसतो, वाफ तोंडावर येते, आणि डोळे बारीक करून त्याचा रंग बघावा लागतो. एक क्षण इकडे तिकडे झाला की पाक करपलाच. माझ्या हाताखाली तीन बायका आहेत, तिघी हुशार आहेत, पण रंग मीच बघते. आणि घाणा निवला की कोपऱ्यातली एक वडी तोडून उजव्या दाढेखाली मीच फोडून बघते. कट्ट वाजली तर पॅकिंगला, चिवट लागली तर बाजूला. दुसऱ्या कुणाच्या दाढेवर माझा विश्वास नाही. दिवसाला आठ-दहा घाणे, म्हणजे दाढ तरी किती दिवस टिकणार होती?

ती महिनाभर आधीपासून ठणकत होती. स्किनच्या डॉक्टरीणबाईंनी सुई भरायच्या आधी मला स्पष्ट विचारलं होतं, दाताचं काही काम चालू आहे का, काही दुखतंय का. मी नाही म्हटलं. हो म्हटलं असतं तर त्यांनी मला परत पाठवलं असतं आणि लग्नाआधी पुन्हा वेळ मिळाली नसती. त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं. औषध जिथं घातलंय तिथंच राहायला हवं. दाबलं, चोळलं तर ते नको तिथं सरकू शकतं. म्हणून चार तास आडवं व्हायचं नाही, चेहऱ्याला हात लावायचा नाही, आजचा दिवस कढईजवळ जायचं नाही, आणि दाताचं काम शक्य असेल तर दोन आठवडे पुढे ढकलायचं, कारण तिथं तासभर तोंड उघडं ठेवून डोकं मागे टाकावं लागतं, गाल ओढले जातात, माणसं डोकं धरतात. हे सगळं कागदावर लिहून, वर तारीख आणि वेळ घालून दिलं. मी मान डोलावत राहिले. तिथून कधी एकदा उठते असं मला झालं होतं.

एक वाजता घरी आले. कढईजवळ जायचं नव्हतं म्हणून मी गेले नाही, एवढं मात्र पाळलं. पण टेबलावर घाणा निवत होता, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीला कागद वाचता येत नाही. वडी तोडली, दाढेखाली घातली. कट्ट वाजलं, पण चिक्की शाबूत होती. तळहातावर शेंगदाण्यांच्या बरोबरीनं दाढेचा तुकडा आला आणि कळ कानातून थेट डोक्यात गेली.

मला थोडा वेळ मिळाला असता तर मी तळेगावला कुठल्याही अनोळखी डॉक्टरकडे गेले असते आणि त्याला सगळं खरं सांगितलं असतं. पण मी तोंड धुऊन येईपर्यंत लेकीनं होणाऱ्या नणंदेला फोन लावलासुद्धा. आमच्याकडे ही रीतच आहे. सोयरीक जुळली की कापड त्यांच्या ओळखीच्या दुकानातून, मंडप त्यांच्या माणसाकडून, आणि घरचा डॉक्टर असेल तर औषध त्याचंच. दुसरीकडे गेलात तर तुमचा त्यांच्यावर विश्वास नाही असा अर्थ निघतो आणि तो वर्षानुवर्षं पुरतो. पलीकडून ती म्हणाली, लगेच घेऊन ये, बाकीचे पेशंट मी थांबवते. एवढ्या मायेनं कोणी म्हटल्यावर काय बोलणार? रिक्षात मी सारखी घड्याळ बघत होते. लेक म्हणाली, आई, पोचतोय आपण, थोडी कळ काढ.

दवाखान्यात तिनं फॉर्म भरून घेतला. बीपी, शुगर, चालू गोळ्या. मग विचारलं, गेल्या पंधरा दिवसांत कसलं इंजेक्शन घेतलंय का, चेहऱ्यावर काही उपचार केलेत का. हल्ली पुष्कळ जणी करतात, म्हणून विचारते, असंही म्हणाली. लेक माझ्याकडे बघत होती. समोर बसली होती तिची नणंद. चार दिवसांत ही गोष्ट बेगडेवाडीपर्यंत जाणार, विहीणबाई बहिणींना सांगणार, बघा, या वयात नवरीच्या आईचे थेर. मी नाही म्हटलं. तंबाखू, मशेरी? तेही नाही.

भूल दिली, दाढ कोरायला घेतली. वरची मागची दाढ, त्यामुळे मान पार मागे टाकावी लागली. मशीनची शिट्टी डोक्यात घुसत होती. हाताखालच्या बाईनं माझं डोकं हलू नये म्हणून कपाळावर तळवा टेकवला, नेमका तिथंच. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, हात काढ. पण तोंडात कापूस, नळी आणि दोन बोटं होती, आणि त्याहून मोठं म्हणजे मीच आधी घातलेलं कुलूप होतं. तीन वाजले, सव्वातीन झाले. मी काट्याकडे बघत होते आणि काटा हलत नव्हता. चारला पाच कमी असताना खुर्ची वर आली. दाढेचा ठणका निम्म्यानं गेला होता. डॉक्टर खूश होती. नस मोकळी केली, आत पू धरला होता, आज आलात ते बरं झालं, असं म्हणाली.

पुढचे चार दिवस मी आरशासमोर काढले. कपाळ हळूहळू गुळगुळीत होत गेलं. लेक म्हणाली, दुखणं थांबल्यावर किती छान दिसतेस गं. मला आनंद झाला आणि लाजही वाटली. शेडमध्ये जायचं, अर्ध्यातून परत यायचं, पुन्हा आरशात बघायचं, असं माझं चाललं होतं. पाचव्या दिवशी सकाळी उठले तर उजवी पापणी खाली आली होती. अर्धा डोळा झाकलेला. बोटानं वर केली, सोडली की पुन्हा खाली. मी पाण्याचे हबके मारले, आणि तेवढ्यात लेक मागे येऊन उभी राहिली. तिच्या तोंडून लकवा हा शब्द निघाला आणि तिनं रडत फोन लावला.

अर्ध्या तासात डॉक्टर स्कूटरवरून दारात. दवाखाना बंद करून आली होती. मला खुर्चीवर बसवून तिनं दात दाखवायला लावले, दोन्ही हात समोर धरायला लावले, चार वाक्यं बोलायला लावली. सगळं ठीक होतं. मग म्हणाली, "मावशी, भुवया वर करा."

मी केल्या. निदान मला वाटलं, केल्या.

"वर करा ना. कपाळाला आठ्या पाडा."

आयुष्यभर ज्या आठ्यांनी मला छळलं, त्यांतली एकही येईना. कपाळ पाटीसारखं कोरं. तिनं पुन्हा सांगितलं, मी पुन्हा जोर लावला, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडताना मला एका डोळ्यानं स्पष्ट दिसला. तिनं लेकीला बाजूला नेलं. पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं, डोक्याचा स्कॅन करायचा, गाडी बोलाव. मग दाराआड तिचा आवाज फुटला. ती म्हणत होती, मी भूल नीट दिली होती गं, सगळं दहादा आठवून बघितलं, माझ्या हातून काय झालं तेच मला कळत नाही.

ते ऐकून मी उठले. मी तिला शेडमध्ये बोलावलं, बायकांना बाहेर काढलं आणि पर्समधला कागद तिच्या हातात दिला.

तिनं तो दोनदा वाचला. तारखेवर बोट ठेवलं, वेळेवर ठेवलं. आधी मला विचारलं, गिळताना त्रास होतो का, श्वास लागतो का, आवाज बदललाय का, एकाचे दोन दिसतात का. मी नाही म्हटलं. "खरं सांगताय ना?" असं तिनं विचारलं, आणि ते विचारायचा तिला पूर्ण हक्क होता. मग तिनं तिथूनच स्किनच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी लगेच बोलावलं, ती मला घेऊन गेली. पुण्याची गाडी रद्द झाली. त्या म्हणाल्या, पापणी अशी पडू शकते, आपोआप उचलली जाईल, काही आठवडे लागतील, तोवर हे थेंब घाला, आणि गिळायला किंवा श्वासाला जराही अडलं तर न थांबता हॉस्पिटल गाठा.

परतताना रिक्षात मी तिला विचारलं, आडवं झाल्यामुळेच झालं का हे?

ती म्हणाली, "सांगता येणार नाही. सुईनंही होतं, दाबल्यानंही होत असेल. तुमची दाढ त्या दिवशी उघडावीच लागली असती, आत पू होता. पण मी तुम्हाला बसवून काम केलं असतं, कपाळाला कोणाला हात लावू दिला नसता, आधी त्या डॉक्टरांशी बोलले असते. आता नेमकं कशानं झालं हे कधीच कळणार नाही. मलाही आणि त्यांनाही."

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, हे आपल्या दोघींतच ठेव. लेकीलाही नको सांगू, घरी तर नकोच. तिनं तो कागद पुन्हा घडी करून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, ठीक आहे, पेशंटची गोष्ट मी कधीच बाहेर सांगत नाही. लेकीला आम्ही सांगितलं, डोळ्याच्या नसेला सूज आहे, उतरेल. मला इतकं हलकं वाटलं की त्या संध्याकाळी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. आता ते आठवलं की माझी मलाच चीड येते.

कारण गावाला डोळ्याची सूज पटली नाही. गावानं आपलं आपण जुळवलं. सोमवारी दाढ कोरली, शनिवारी डोळा पडला. पत्रिका वाटायला मी जिथं जाईन तिथं आधी डोळ्याकडे बघायचे, मग विचारायचे, कुठल्या डॉक्टरकडे गेलतीस? मी काहीतरी बोलून पुढचं घर गाठायचे. शेडमधल्या एकीनं सांगितलं, तिच्या जावेनं कामशेतची वेळ रद्द केली. दुसरीचा भाऊ अर्ध्या कामातून लोणावळ्याच्या दवाखान्यात गेला. आठवड्याभरानं लेक म्हणाली, ताई फोनवर नीट बोलत नाहीत, दवाखान्यात कोणी फारसं येत नाही म्हणतात, आपल्यामुळे झालं का गं? मी म्हटलं, सोड, लोकांना काम नाही. आणि उठून उगाच पातेली घासायला घेतली. रोज सकाळी ठरवायचे, आज बोलायचं, आणि रोज काहीतरी निमित्त निघायचं. डॉक्टरनं मात्र कुणाकडे एक अक्षर काढलं नाही. तिचं गप्प राहणं मला सहन होत नव्हतं आणि माझं तोंड उघडत नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी हळद होती. नवऱ्या मुलाला लागलेली उष्टी हळद घेऊन करवली येते, तशी डॉक्टरच आली. पिवळी साडी, हातात झाकलेलं ताट. दारातल्या मांडवात बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. भाजे गावाहून माझ्या नवऱ्याची आत्या आली होती, ऐंशीच्या घरातली, आवाज खणखणीत. तिला कवळी बसवायची होती आणि महिन्यापूर्वी मीच तिला ही डॉक्टर सुचवली होती. करवलीनं ताट खाली ठेवलं, आत्याच्या पाया पडली, आणि आपुलकीनं म्हणाली, आत्या, तुम्ही आला नाहीत मापाला.

आत्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "न्हाई बाई, तुज्याकडं नगं आता. राग नगं मानू. हिचा डोळा बगितला न्हवं समद्यांनी."

करवलीनं खाली बघितलं आणि ताटावरचं कापड सारखं केलं. तिनं माझ्याकडे नजरसुद्धा टाकली नाही. तिनं टाकली असती तर कदाचित मी आणखी एकदा पळ काढला असता.

"आत्या," मी म्हटलं, "डोळा हिनं न्हाई बिगडवला. म्या बिगडवला. सुरकुत्या जायाच्या सुया कपाळात घेतल्या, आन त्याच दुपारी हिच्या खुर्चीत जाऊन झोपले. हिनं इचारलं तवा न्हाई म्हणले."

लेकीच्या हातातली वाटी हातातच राहिली. ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती मला अजून आठवते, आणि आठवलेली आवडत नाही. कोणीतरी मागे फिसकन हसलं. आत्यानं मात्र हसण्यावारी नेलं नाही.

"मग ही पोर येवढे दिस गप का बसली?"

"मी तिला गप बस म्हणले हुते म्हणून."

आत्यानं करवलीचा हात धरून तिला जवळ बसवलं. मग त्या पोरीला म्हणाली, लगीन उरकलं की बुधवारी येते मी, माप घे.

हळद सुरू झाली. लेकीला लावून झाली, मग नेहमीसारखी बायकांची आपसात चोळाचोळ. करवली ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. हळदीनं भरलेला हात तिनं माझ्या चेहऱ्यापाशी आणला आणि तिथंच थांबवला.

"लावू का, मावशी? चोळणार नाही."

मी मान हलवली. तिनं एका बोटानं दोन्ही गालांना टिकल्यांएवढी हळद लावली, कपाळाला नाही. मी तिला सांगितलं की आणखी एक खोटं राहिलंय. त्या फॉर्मवर मशेरीला मी नाही म्हटलं होतं. मी लावते. रोज सकाळी, लग्न झाल्यापासून.

ती पहिल्यांदा हसली. बोट ताटाच्या कडेला पुसत म्हणाली, "ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तोंडातलं सगळं मला दिसतं, मावशी. जे दिसत नाही तेवढंच मी विचारते."